उरलेले सव्वीस किलो

एप्रिलमधल्या भर दुपारी, दवाखान्याच्या छपराचे पत्रे उन्हाने तडतडत असताना, माझ्या कंटेनरच्या पोटावर पांढरेशुभ्र हिम धरले होते. डॉ. अनघा हिरेमठांनी त्यावरून तर्जनी ओढली. हिमात एक सरळ रेघ उमटली. बोट रुमालाला पुसून त्या म्हणाल्या,

"मान गेली."

"होय, मॅडम."

"वर्षातली दुसरी."

"आर्थिक वर्ष धरले तर पहिली. मागची मार्चमध्ये गेली होती."

आमचा परिचर तुका गुरव पायरीवर बसून सिरिंजा उकळत होता. त्याने मान अशी काही खाली घातली की तो हसतो आहे हे मला त्याच्या टाळूवरून कळले.

ज्यांनी हे भांडे पाहिलेले नाही त्यांना सांगायला हवे. कंटेनर म्हणजे थर्मासचा थोरला भाऊ. त्याच्या पोटात द्रवरूप नायट्रोजन असतो, आणि त्या नायट्रोजनमध्ये उत्तम जातीच्या वळूंच्या गोठवलेल्या रेतमात्रा. आतली थंडी बर्फाला लाजवणारी. पण भांडे धड असेल तर बाहेरून हाताला त्याचा पत्ताही लागत नाही. आतले भांडे बाहेरच्या भांड्यात केवळ मानेवर टांगलेले असते. जबर दणका बसला की ती मान तडकते, मधली पोकळी निकामी होते, आणि आतली थंडी बाहेर येऊन पोटावर हिम होऊन बसते. चार-सहा तासांत नायट्रोजन उडून जातो. मग त्या रेतमात्रा आणि नळाचे पाणी यांत काही फरक उरत नाही.

मी तेव्हा हळदवडीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. वाघझरीचा घाट चढून वरच्या अकरा वाड्यांवर हे भांडे मोटारसायकलवरून नेणे आणि माजावर आलेल्या गाईम्हशींना वेळेत फळवणे, हे माझे काम. म्हैस माजावर येते ती एखाद्या दिवसापुरती. तेवढ्यात माणूस पोहोचला तर ठीक, नाही तर घरातले दूध तीन आठवडे पुढे गेले. लोक मला डॉक्टर म्हणत, आणि मी डॉक्टर नसून पर्यवेक्षक आहे अशी त्यांची दुरुस्ती मी चौदा वर्षे न थकता करीत होतो.

"चौऱ्याऐंशी मात्रा गेल्या," मॅडम म्हणाल्या. "ऐनापुरे, येत्या एक तारखेपासून तुम्ही इथे बसून नोंदवह्या सांभाळायच्या. घाटावरच्या वाड्या दुसरे पर्यवेक्षक चौगुले बघतील."

मॅडम वयाने माझ्याहून वीस वर्षांनी लहान; पण त्यांच्या आवाजात वय नव्हते, निकाल होता.

"दोष माझा नाही, मॅडम. दोष मागच्या शॉकअपचा आहे. खड्ड्यात स्प्रिंग पुरती दबते आणि लोखंडावर लोखंड आपटते. तो दणका सरळ भांड्याच्या मानेत जातो."

"शॉकअप तुम्ही जानेवारीतच नवे घातलेत."

"नवे, पण त्याच ताकदीचे."

"चौगुल्यांच्या गाडीला तेच आहेत. त्यांचा कंटेनर फुटत नाही."

"चौगुले अठ्ठावन्न किलोंचे आहेत."

"आणि तुम्ही?"

"पंचाण्णव," मी म्हणालो.

तुकाने सिरिंजांच्या भांड्यावर झाकण ठेवले. फार आवाज झाला.

"मग वजन कमी करा, नाही तर टेबलावर बसा," मॅडम म्हणाल्या. "मी अपमान करत नाहीये. मला भांडं वाचवायचंय."

"गाडी माणसासाठी केलेली असते, मॅडम, माणूस गाडीसाठी नव्हे. चप्पल चावली तर आपण पाय तासत नाही."

"ठीक आहे. अठ्ठावीस तारखेला कालवडींचा मेळावा आहे. तोपर्यंत सिद्ध करून दाखवा. तोंडी नको, लेखीही नको. तुमचे लेखी अर्ज पंचायत समितीत लोक सुट्टीच्या दिवशी वाचायला नेतात. मला काय ते रस्त्यावर दिसलं पाहिजे."

टेबलाचे भय मला का वाटले हे त्या दिवशी कुणी विचारले असते तर मी खात्याचे नियम सांगितले असते. खरे कारण निराळे होते. घाटाखाली मी जाडा ऐनापुरे होतो. लग्नाच्या पंगतीत मला दोन पाट जोडून मिळत, आणि एस.टी.त माझ्या शेजारची जागा सगळ्यांत शेवटी भरे. वाघझरीचे सातवे वळण ओलांडले की मात्र वाड्यांतून हाक येई, "आले, आले!" आणि ती हाक ऐकताना माझ्या आकाराचा कुणाला विसर पडलेला असे. मलाही.

तालुक्याच्या गावी स्टँडमागे गनी मिस्त्रींचा कारखाना होता. उसाच्या ट्रॉलीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत कशाचीही स्प्रिंग ते हाताने वळून देत. मी दोन्ही शॉकअप काढले, गोणपाटात बांधले आणि आमच्या भागातल्या रिवाजाप्रमाणे सकाळच्या एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हवाली केले. बरोबर एक चिठ्ठी दिली. ती मी तीनदा लिहून काढली होती. स्प्रिंगची मोकळी लांबी, तारेची जाडी, आट्यांची संख्या, चाकाची वरखाली होण्याची पूर्ण चाल, कंटेनरचे भरलेले वजन, सारे मिलिमीटर आणि ग्रॅमपर्यंत. शेवटी लिहिले : "चालकाचे वजन पंचाण्णव किलो गृहीत धरावे. उपर्युक्त आकड्यांत यत्किंचितही शंका असल्यास उलट टपाली कळवावे."

उलट टपाली काही आले नाही. तिसऱ्या दिवशी त्याच ड्रायव्हरच्या हाती शॉकअप आले. तार अर्धा मिलिमीटर जाड. आणि तार अर्धा मिलिमीटर जाड झाली की स्प्रिंगची ताकद जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने वाढते. शॉकअपच्या दांड्यावर मिस्त्रींनी सायकलच्या ट्यूबचे एक अरुंद कडे चढवले होते, आणि गोणपाटाच्या आत खडूने लिहिले होते : "कडं वर सरकतं ते परत येत न्हाई. कुठवर गेलं ते बघा."

म्हणजे रस्त्याने काय केले याची साक्ष ते कडे देणार होते. मला ही युक्ती फार आवडली. साक्षीदार असावा तर असा, मोजका बोलणारा.

तडकलेल्या कंटेनरमध्ये पाणी भरून वजन जमवले आणि घाटाला निघालो. सहा वळणे गाडी अशी गेली की मी मनातल्या मनात मॅडमना उद्देशून एक वाक्य घोळवू लागलो. सातव्या वळणावर, मोरीच्या पलीकडे रस्ता वितभर खचला आहे तिथे, ते वाक्य मोडले. ठक्क! दणका माकडहाडातून दाढेपर्यंत आला. उतरून पाहिले. कडे दांड्याच्या पार टोकाला जाऊन चेपले होते.

मी तसाच गाडी वळवून तीस किलोमीटर तालुक्याला गेलो.

गनी मिस्त्री भट्टीसमोर स्टुलावर बसून चहा पीत होते. साठीचे, सडपातळ, भुवया भट्टीने खाल्लेल्या.

"या, सायेब. बसा की."

"बसायला आलेलो नाही. मिस्त्री, तुमची स्प्रिंग खोटी आहे."

"असंल. चिठ्ठी बराबर हुती न्हवं?"

"माझ्या चिठ्ठीत चूक दाखवा."

"चिठ्ठी लई झ्याक. मी घरात वाचून दाखिवली. बायको म्हनली, लग्नपत्रिका हाय काय." त्यांनी कप खाली ठेवला. "गाडी मधल्या स्टँडवर घ्या."

चाक अधांतरी झाले. त्यांनी चाकाच्या आसापासून मागच्या दिव्याखाली केलेल्या खुणेपर्यंत टेप लावला आणि आकडा भिंतीवर खडूने लिहिला. मग दोन माणसांनी गाडी दोन्ही बाजूंनी धरली.

"आता बसा. पाय वर घ्या. मनानं बी बसा, अधांतरी नगं."

मी बसलो. त्यांनी पुन्हा टेप लावला, पुन्हा आकडा लिहिला, आणि खडू कानावर ठेवून भिंतीकडे पाहत राहिले.

"सायेब, मानूस बसला की गाडीनं तिसरा हिस्सा खाली यावं. लई न्हाई, कमी न्हाई. दोन हिस्सं रस्त्यासाठी राखायचं. तुम्ही बसला की निम्मी चाल हितंच संपती. मग खड्ड्याला काय घालायचं?"

"म्हणूनच म्हणतो, स्प्रिंग कमकुवत आहे. स्प्रिंगखालची खाच शेवटपर्यंत फिरवूनही काही उपयोग नाही."

"खाच फिरवून स्प्रिंग कडक हुत न्हाई, नुसती उंच हुती. ठेंगण्याला पाटावर उभं केलं म्हंजे त्यो पैलवान झाला व्हय?" मिस्त्री उठले आणि हाताने वळलेल्या एका स्प्रिंगवरून त्यांनी अंगठा फिरवला. "ही तार माझ्या हातची. किती वजनाला किती दबती ते मी काट्यावर बघूनच धाडतो. तुमचं भांडं, गाडीचं मागचं वजन, समदं वजा केलं. ह्या सीटवर एकशे एकवीस किलो बसलंय."

मी भिंतीवरचे आकडे पुन्हा वाचले.

"पंचान्नव तुमचं," गनी मिस्त्री शांतपणे म्हणाले. "मग उरल्यालं सव्वीस किलो कुनाचं?"

भट्टीचा पंखा चालू होता. गाडी धरून उभी असलेली दोन माणसे फार मन लावून गाडीच धरून राहिली.

"कपडे आहेत," मी म्हणालो. "बूट आहेत. खिशात किल्ल्यांचा जुडगा आहे."

"बूट किती किलोचं?"

"दीड."

"साडेचोवीस ऱ्हायलं."

"हे असभ्यपणाचे आहे."

"असंल. मागल्या श्रावणात माझी म्हस आजारी पडली, तवा तुम्ही आला हुता. वजन किती म्हनून इचारलं. मी म्हनलं, असंल चारशे. तुम्ही पिशवीतनं टेप काढला, म्हशीच्या छातीला गुंडाळला आन् साडेपाचशे सांगितलं. वर मला काय म्हनला ते याद हाय?"

मला आठवत होते. शब्दन् शब्द आठवत होता. कारण ते वाक्य मी प्रत्येक गोठ्यात म्हणत असे आणि मला ते स्वतःला फार आवडत असे.

"तुम्ही म्हनला, 'मिस्त्री, वजन खोटे सांगितलेत तर औषध खोटे पडते, आणि मरते ते जनावर, सांगणारा नव्हे.'" माझे वाक्य त्यांनी माझ्याच भाषेत, एकही अक्षर न चुकता म्हणून दाखवले. "म्हस वाचली, सायेब. आता तुमच्या भांड्याचं बोला. आकडा सांगा, मी तार वळतो."

मी गाडीवरून उतरलो. "मला अशा भाषेची सवय नाही," एवढे बोलून किक मारली आणि निघून आलो. वाटेत प्रत्येक खड्ड्यात स्प्रिंग तळाला टेकत होती, आणि प्रत्येक वेळी मला वाटत होते की मागून कुणी तरी तोच प्रश्न विचारते आहे. उरलेले सव्वीस किलो कुणाचे? पंचाण्णव हा आकडा मी नऊ वर्षांपूर्वी एका सरकारी माहितीपत्रकात लिहिला होता, आणि तेव्हा तो अगदीच खोटा नव्हता. त्यानंतर मी वाढत गेलो. आकडा तिथेच राहिला. दुसऱ्याच्या पत्रातला एक काना चुकला तरी लाल शाईने दुरुस्त करणारा मी, पण या एका आकड्याच्या वाटेला कधी गेलो नव्हतो.

अठ्ठावीस तारीख उजाडली. दवाखान्याच्या आवारात कालवडींचा मेळावा भरला. घाटावरच्या आणि घाटाखालच्या मिळून साठ-सत्तर कालवडी, त्यांचे धनी, मांडवात मॅडम, आणि मधोमध जनावरांचा मोठा वजनकाटा. आमच्याकडची रीत अशी की कालवड काट्यावर चढली की तुकाने वजन मोठ्याने पुकारायचे, मी ते नोंदवहीत लिहायचे, आणि फळ्यावर खडूने मांडायचे. वयाच्या मानाने सर्वांत भरलेल्या कालवडीला पेंडीचे पोते बक्षीस.

धनगरवाड्याच्या कासाबाई आपली तांबडी कालवड घेऊन आल्या. बाई सत्तरीच्या, काष्ट्याच्या लुगड्यातल्या, आणि तोंडाने घाटापेक्षा वळणदार.

"दीडशे ल्या, डाक्टर," काट्यावर चढवण्याआधीच त्या म्हणाल्या.

"मी डॉक्टर नव्हे, कासाबाई. आधी चढवा."

"एकशे अठरा!" तुका ओरडला.

मांडवात हशा पिकला. कासाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "तुमचा काटाच खोटा हाय. घाट उतरून उन्हातनं चालत आनली तिला. वाटंत आटली ती."

"बत्तीस किलो?"

"माया करून वाढीवलीया. मायेचं वजन तुमच्या काट्याला काय कळतंय?"

"तोंडाचे वजन नोंदवहीत चढत नाही, कासाबाई," मी करड्या स्वरात म्हणालो. "जे काट्यावर तेच कागदावर."

वाक्य संपले आणि पेन माझ्या हातात तसेच राहिले. समोर फळा होता. फळ्यावर चोपन्न कालवडींची वजने होती, आणि त्यांतली एकही कालवड लाजलेली दिसत नव्हती.

मॅडमनी मांडवातून विचारले, "ऐनापुरे, मेळावा उरकला की तुमच्या त्या गोष्टीचं काय ते बोलू. काही सिद्ध झालं का?"

"अजून नाही, मॅडम. एक नोंद राहिली आहे."

मी नोंदवही मिटली. खुर्चीच्या हातांत अडकलो होतो तो सुटून उठलो. हेही सर्वांनी पाहिले, पाहू दिले. चालत काट्यापाशी गेलो आणि वर चढलो. काट्याच्या फळ्या करकरल्या. कासाबाईंची कालवड दचकून मागे सरली.

तुका दांडीवरचे वजन सरकवत होता, सरकवत होता, आणि त्याचा चेहरा पडत चालला होता.

"पुकार, तुका."

"ऱ्हाऊ द्या की," तो हळूच म्हणाला.

"नियम सगळ्यांना एकच. पुकार."

तुका चांगला माणूस होता. त्याने घसा साफ केला आणि ओरडला, "एकशे पाच!"

"नीट वाच."

"एकशे बारा!"

"तुका, मी खाली उतरणार नाही. दांडी जिथे थांबली आहे तिथला आकडा वाच."

त्याने माझ्याकडे पाहिले. मग मांडवाच्या कळकाकडे पाहत, जणू तिथेच कुणी तो आकडा लिहून ठेवला होता, तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "एकशे साडेएकवीस!"

मग कासाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि तो तोंडाला पुरेना.

"आगं बया! पयला लंबर डाक्टरचाच! द्या त्यास्नी पेंडीचं पोतं!"

अख्खे आवार हसले. गुरे दचकली. मी काट्यावरून उतरलो नाही. हसणे ओसरेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो, आणि हसणे एकदा समोरून अंगावर घेतले की ते ओसरतेच, हे मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी प्रथमच कळले.

"पोते तुमच्या कालवडीला द्या, कासाबाई," मी म्हणालो. "मला तार पाहिजे. तुका, फळ्यावर लिही. शेवटची ओळ. नाव घालून."

त्याने लिहिले : ऐनापुरे, १२१॥.

"मॅडम," मी काट्यावरूनच म्हणालो, "पंचाण्णव मी खोटे सांगितले होते. तुम्हालाही, मिस्त्रींनाही. म्हणून स्प्रिंग पुन्हा तळाला गेली, हे दांड्यावरच्या ट्यूबच्या कड्याने दाखवले. दोष शॉकअपचा आहे हे माझे म्हणणे मी मागे घेत नाही. पण त्याला आकडा खोटा दिला तो दोष माझा. आता खरा आकडा फळ्यावर आहे. या वजनाबद्दल मी क्षमा मागत नाही आणि सवलतही मागत नाही. मला ते पेलणारी स्प्रिंग बसवायला दोन दिवस द्या."

मॅडम फळ्याकडे पाहत होत्या. हसणाऱ्यांत त्या नव्हत्या, हे मला त्या वेळी दिसले नाही. नंतर तुकाने सांगितले.

"दोन दिवस," त्या म्हणाल्या. "तीस तारखेला मी जीपने मागे येईन. ते कडं मी स्वतः बसवणार. आणि चौगुलेही येतील. त्याच गाडीवर, त्याच रस्त्याने, तेही एक फेरी मारतील. फरक वजनाचा की स्प्रिंगचा, ते दोघांना मोजल्याशिवाय मला कळायचं नाही."

"हे शास्त्राला धरून आहे," मी म्हणालो. उतरताना फळ्या पुन्हा करकरल्या. या वेळी मी त्यांच्याकडे लक्ष दिले नाही.

त्याच दुपारी गनी मिस्त्रींकडे गेलो. ते स्टुलावरून उठलेही नाहीत.

"आकडा?"

"एकशे साडेएकवीस. बुटांसकट."

मिस्त्रींनी पायाशी हात घालून गोणपाट ओढले. आत दोन काळ्याभोर स्प्रिंगा होत्या, तेलाचा वास अजून ताजा.

"आठची तार. एकशे एकवीसला वळल्यात. अर्ध्या किलोचं तेवढं माफ करा."

"या कधी वळल्यात?"

"तुम्ही रागानं गेला त्याच दिशी. भट्टी तापलीच हुती."

"आणि मी आलोच नसतो तर?"

"म्हशीला टेप लावनारा मानूस येनार न्हाई व्हय?" ते म्हणाले आणि शॉकअप उघडायला बसले. "आतलं तेल जरा दाट भरतो. न्हाईतर नवी स्प्रिंग दाबून घेईल खरं, पर सुटताना उडवंल. ताकद दिली की आवर बी द्यावा लागतो."

तीस तारखेला सकाळी सात वाजता मॅडमनी कडे स्वतः बसवले, दांड्याच्या तळाशी, नखाने दाबून. नवा कंटेनर भरलेला होता. "फुटला तर तुमच्या नावावर," त्या म्हणाल्या. मी गाडीवर बसलो. गाडी खाली आली आणि थांबली. तिसरा हिस्सा. पूर्वी मी बसलो की ती लोळण घेत असे. आज तिने मला नुसते अंगावर घेतले आणि ती ताठ उभी राहिली.

घाटाची वळणे मी मोजली नाहीत. सातवे आले ते मोरीवरून कळले. खचलेला वितभर रस्ता समोर आला, मी वेग कमी केला नाही, आणि पाठ आवळून त्या आवाजाची वाट पाहिली. आवाज झाला नाही. गाडी खाली गेली, खोल गेली, आणि कुठेही न आपटता परत वर आली. मागून जीपचा मात्र दणका ऐकू आला.

वर धनगरवाड्यापर्यंत जाऊन परत खाली आलो. मॅडम जीपमधून उतरल्या, कमरेत वाकल्या आणि शॉकअपला डोळा लावला. कडे दोन बोटे जागा राखून थांबले होते. मग त्यांनी कंटेनरच्या पोटावर तळवा ठेवला. कोरडे. त्यांनी तळवा बराच वेळ तिथे ठेवला.

"आता चौगुले," त्या म्हणाल्या.

चौगुले हा वाळक्या शेंगेसारखा, हसतमुख माणूस. माझ्या वाड्या त्याच्या वाट्याला आल्या असत्या तर त्याला आनंद झाला असता असे नाही. पण वरिष्ठ सांगतील ते तो करी. मॅडमनी कडे पुन्हा तळाशी सरकवले, जपून राहावे म्हणून भरलेला कंटेनर उतरवून पाण्याचा जुना बांधला, आणि चौगुले निघाला. अर्ध्या तासाने परतला तेव्हा तो गाडीवर बसलेला नव्हता. फूटरेस्टवर उभा राहून गाडी चालवत आला. उतरल्यावर त्याने दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि थोडा वेळ आकाशाकडे पाहिले.

"काय झालं?" मॅडमनी विचारले.

"मॅडम, ही गाडी मला मोजतच नाही हो. बसलो तरी हिला कळत नाही. खड्डा आला की मला वर फेकती, आणि मग मी कुठं पडतोय ते माझं मलाच हुडकावं लागतं. सातव्या वळणाला तर आधी गाडी उतरली, मागनं मी उतरलो."

मॅडमनी ते कडे तपासले. ते दांड्याच्या निम्म्यापर्यंतही गेले नव्हते. चाल होती, राखलेली होती. ती वापरायला वजन नव्हते.

"म्हणजे या गाडीवर तुम्ही घाटावर जाऊ शकत नाही."

"ह्या गाडीवर? एक तर स्प्रिंगा बदला," चौगुले कळवळून म्हणाला, "नाहीतर मला साठ किलो खायला घाला."

मॅडम हसल्या. चौदा महिन्यांत मी त्यांना प्रथमच हसताना पाहिले. तुकाही हसला, आणि या खेपेला त्याने मान खाली घातली नाही.

ऑफिसात त्यांनी माझी फाइल मागवली. एक तारखेचा आदेश काढून उभा फाडला. मग पाने उलटत एका पानावर थांबल्या.

"ऐनापुरे, तुमच्या माहितीपत्रकात वजन पंचाण्णव आहे."

"खोटे आहे, मॅडम. माझ्याच हातचे. दुरुस्तीचा अर्ज देतो."

"किती पानांचा?"

"दोन वाक्यांचा."

त्यांचा विश्वास बसला नाही. मी तिथेच उभ्याने लिहून कागद पुढे केला. त्यांनी वाचला. कागदावर होते : "माझे वजन एकशे साडेएकवीस किलो आहे. ते कमी करण्याचा माझा विचार नाही."

"दुसऱ्या वाक्याची गरज नाही," त्या म्हणाल्या आणि खोडायला पेन उचलले.

"आहे, मॅडम."

पेन थोडा वेळ त्या वाक्यावर अधांतरी राहिले. बाहेरून तुकाची हाक आली, "डाक्टर, धनगरवाड्याचा सांगावा हाय. कासाबाईची म्हस माजावर आलीया. बिगीबिगी बोलिवलंय."

मॅडमनी पेन खाली आणले आणि दोन्ही वाक्यांच्या खाली सही केली.

"जा," त्या म्हणाल्या. "म्हैस थांबायची नाही."

मी बाहेर आलो आणि गाडीवर बसलो. गाडी तिसरा हिस्सा खाली आली. तुका कंटेनर बांधत होता. "आवळलं, डाक्टर," तो म्हणाला. आणि त्या दिवशी मी त्याची दुरुस्ती केली नाही.